बुद्धिबळाच्या इंजिनकडून तगडे खेळाडू खरंच काही शिकतात का, की नुसतं पाठांतर?

अडीचघर:
नवशिक्यांना इंजिनचा, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रामचा, फायदा होतो हे मान्य, घोडा फुकट गेला की लगेच कळतं. पण ज्यांचं रेटिंग 2200-2300 च्या वर आहे, ढोबळ चुका ज्यांच्या स्वतःच्याच लक्षात येतात, त्यांनी स्टॉकफिशसारख्या इंजिनकडून नक्की काय घ्यायचं? ते +0.7 म्हणतं (म्हणजे पांढऱ्याकडे जवळपास पाऊण प्याद्याची आघाडी), चाल दाखवतं आणि गप्प बसतं. का ते सांगत नाही. आणि खाली जी वीस चालींची लाइन येते ती पटावर बसून कोण मोजणारे?

एचचं_प्यादं:
ओपनिंगमध्ये बरंचसं पाठांतरच आहे, खोटं कशाला बोला. पण 2017 च्या शेवटी डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरोने, स्वतःशीच खेळून शिकलेल्या प्रोग्रामने, स्टॉकफिश 8 ला हरवलं ते डाव बघितलेस का? 100 डावांत 28 जिंकले, 72 बरोबरीत, हार एकही नाही. मॅचच्या अटींवरून तेव्हा पुष्कळ भांडणं झाली ती सोड, खेळ बघ. एचचं, म्हणजे पटाच्या कडेच्या पट्टीतलं, प्यादं पुढे रेटत न्यायचं, समोरच्या राजाशेजारी रुतवून ठेवायचं, त्यापायी एकदोन प्यादी गेली तरी परत मिळवायची घाई नाही. तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन कार्लसन याने 2019 मध्ये उघड सांगितलं की त्याच्यावर अल्फाझीरोचा प्रभाव पडला, आणि त्या वर्षीच्या त्याच्या डावांत ते दिसतंही. त्याने चाली पाठ केल्या नाहीत रे, कशाची किंमत किती धरायची ते बदललं.

काळी_बाजू:
कार्लसनचं उदाहरण देऊन काय उपयोग, तो कशातूनही शिकेल. 1997 मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरने तेव्हाच्या वर्ल्ड चॅम्पियन कास्पारोव्हला हरवलं, सेकंदाला 20 कोटी पोझिशन तपासत होतं, त्यातून कोण काय शिकलं? माझा मोठा आक्षेप म्हणजे ते 0.00. इंजिन म्हणतं बरोबरी, आणि पटावर एका बाजूला सलग पाचसहा वेळा एकच वाचवणारी चाल शोधायचीये, दुसरी बाजू आरामात काहीही खेळू शकते. माणसांत ही बरोबरी असते का? गुकेशला त्याचे कोच विष्णु प्रसन्न यांनी सुरुवातीची बरीच वर्षं इंजिनपासून लांबच ठेवलं होतं आणि 2024 मध्ये तो 18 व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला. यावर काय म्हणणं?

जुना_हत्ती:
लांब ठेवलं ते आधी स्वतः विचार करायची सवय लागावी म्हणून, पुढे वापरलंच ना. दोघंही थोडे थोडे बरोबर आहात. इंजिन कारण सांगत नाही हे खरं पण ते उकरून काढता येतं, फक्त आळस नको. आपला डाव आधी इंजिन बंद ठेवून तपासायचा, कुठे काय वाटत होतं ते लिहून काढायचं, मग चालू करायचं. जिथे मत जुळत नाही तिथे त्याची लाइन वाचत बसू नका, आपलीच चाल त्याच्यासमोर खेळा आणि ते कसं मोडतं बघा. मग त्याची चाल खेळून समोरून आपल्याला सुचतील ती उत्तरं देत जा. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या उत्तराला कळतं की अरे, आपला उंट पूर्ण डावभर निकामीच होता.

एंडगेममध्ये तर अजून मजा. दोन उंट विरुद्ध एक घोडा, घोडा ठराविक जागी पोचला की बरोबरी असं शंभरहून जास्त वर्षं मानत होते. 1983 मध्ये केन थॉम्पसनने कॉम्प्युटरवर सगळ्या पोझिशन सोडवल्या तेव्हा कळलं की उंटवाला जवळपास नेहमी जिंकतो, फक्त काही वेळा 66 चाली लागतात, म्हणजे 50 चालींच्या नियमाच्या पलीकडे (50 चालींत मोहरा मारला नाही की प्यादं हललं नाही तर बरोबरी मागता येते). ते समजलं, तरी जिंकायचं कसं ही योजना माणसांनाच शोधावी लागली, टेबलबेस, म्हणजे असा सोडवलेल्या पोझिशनचा साठा, फक्त पुढची चाल सांगतो.

आणि डीपमाइंडने केलेला एक प्रयोग आहे, चार ग्रँडमास्टरना अल्फाझीरोच्या डोक्यातल्या कल्पनांवरून निवडलेल्या पोझिशन दिल्या, मग त्याने निवडलेल्या चाली दाखवल्या, शब्दांत काहीच समजावलं नाही, तरी नंतर तसल्याच नव्या पोझिशन त्यांनी आधीपेक्षा बऱ्या सोडवल्या.

अडीचघर:
हे पटतंय. पण प्रत्येक चालीला असं केलं तर एका डावाला आठवडा जाईल, निवडायचं कसं?

जुना_हत्ती:
इंजिनच्या पहिल्या तीन पसंतीच्या लाइन एकदम उघड्या ठेव. तिन्हींत 0.1-0.2 चा फरक असेल तर सरळ पुढे जा, तिथे आवडीचा प्रश्न आहे. पहिली +1 आणि दुसरी 0, आणि पहिली तुला सुचलीच नव्हती, तर तिथे थांब आणि आकडा झाकून टाक.