दंड दहापट करा म्हणणाऱ्यांनो, आधी दारव्हा–दिग्रस रस्त्यावर रात्री एक फेरी मारा

दारव्हेकर:
काल लीड्सच्या वऱ्हाडीण ताईंनी लिहिलं, की दिवाळीला गावी उतरल्यापासून त्यांना डोक्यावर एक हेल्मेट दिसलं नाही. इंग्लंडसारखा दंड लावा, दहापट करा, लोक सुतासारखे सरळ येतील. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, दंड कमी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसन्स नसेल तर 5000. पोरगं अल्पवयीन असेल तर पालकाला 25,000, वर तुरुंगाची तरतूद. आपल्या राज्यानं डिसेंबर 2021 पासून नवे दर लावले. कापूस वेचणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते. 5000 रुपये म्हणजे तिचा किती कापूस होतो, हिशोब करून पाहा. फिनलंडमध्ये वेगाचा मोठा दंड मिळकतीवर ठरतो. 2023 मध्ये तिथल्या ओलांड बेटांवर एका धनाढ्य उद्योजकाला 50 च्या जागी 82 नं गाडी चालवली म्हणून 1 लाख 21 हजार युरो भरावे लागले. परदेशाचं उदाहरण द्यायचं तर ते द्या.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी मोबाइलवर चालान आलं, नागपूरच्या चौकात सिग्नल तोडल्याचं. त्या दिवशी माझी मोटारसायकल गोठ्यात गंजीला टेकून उभी होती. फोटो उघडला तर पांढरी स्कूटर, मागे जांभळी ओढणी घेतलेली बाई. नंबर आमच्या यवतमाळचा, एमएच-29 चाच, पण शेवटचा आकडा 3. मशीननं त्याचा 8 वाचला आणि 8 वाला मी. तक्रार टाकली, उत्तर नाही. ऐन वेचणीत दोन दिवस घालवून समक्ष गेलो तेव्हा मिटलं. एसटीभाडं आणि दोन दिवसांचा खाडा माझाच.

आमच्यापासून तासाभरावर, कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग जातो. 701 किलोमीटर, पट्टे, पाट्या, सगळं लखलखीत. त्यावर दुचाकीला बंदी, ट्रॅक्टरला बंदी. आम्ही ज्या रस्त्यावर चालतो तिथं वळणाची पाटी नाही, कडेचा पांढरा पट्टा नाही, शाळेसमोरचा गतिरोधक डांबरासारखाच काळा. आमच्याकडे नियमाची पहिली भेट पावतीवरच होते. आधी रस्त्यावर नियम दिसू द्या, मग दंड वाढवा.

लीड्सची वऱ्हाडीण:
दादा, चालानाचं वाईट झालं, ते मान्य. पण पाटीचा मुद्दा अजिबात मान्य नाही.

मला लीड्समध्ये नोटीस आली ती ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ३६ नं गेल्याची. चौदा दिवसांच्या आत घरी पत्र. मीही तुमच्यासारखीच तणतणले, कारण त्या रस्त्यावर ३० ची पाटीच नव्हती. मग कळलं, की इंग्लंडात वस्तीच्या रस्त्यावर दिव्यांचे खांब असले आणि वेगळी पाटी नसली तर मर्यादा ३० च. खांब हीच पाटी. हे लायसन्स काढण्याआधी वाचून यायचं असतं. लेखी परीक्षेत 50 पैकी 43 बरोबर आल्याशिवाय पास करत नाहीत. 100 पौंड दंड आणि लायसन्सवर 3 पॉइंट लागले असते, तीन वर्षांत 12 झाले की लायसन्स जातं. पॉइंट टाळायला फी भरून वर्गाला बसले. तेव्हापासून खांब दिसला की पाय आपोआप वर येतो.

आपल्याकडे किती जणांनी पुस्तक उघडून लायसन्स काढलंय? एजंटला पैसे, आठ आकडा, झालं.

दारव्हेकर:
लायसन्सचं खरं आहे. माझ्या वेळी आठ आकडासुद्धा काढावा लागला नाही, तेवढं कबूल करतो. पण खांबाला पाटी मानायची तर आधी खांब लागतो ना, ताई? आमच्या फाट्यावर एक आहे, त्याचा दिवा पोळ्यापासून बंद. तुम्ही महिनाभर येता, दोष मोजता आणि विमानात बसता. तिथं बसून आम्हाला शिकवणं सोपं आहे.

लीड्सची वऱ्हाडीण:
तिथं बसून?

माझे बाबा डिसेंबर 2016 मध्ये आर्णी रोडवर गेले. रात्री आठची वेळ. लुनाच्या हँडलला पिशवी होती, तिच्यात आईची बीपीची औषधं आणि दोन किलो तुरीची डाळ. रस्त्यात कापसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे चार दगड आणि पळसाची एक फांदी ठेवलेली. रेडियम नाही, दिवा नाही. समोरून ट्रक अप्परवर आला, बाबांना काहीच दिसलं नाही. हेल्मेट घरी खुंटीला होतं. ते मीच पाठवलेल्या पैशांतून घेतलेलं.

महिनाभर येते म्हणून मला बोलायचा हक्क नाही असं पुन्हा म्हणू नका.

दारव्हेकर:
माफ करा ताई. मला माहीत नव्हतं. ते वाक्य मागे घेतो.

ट्रॉलीवाला 29:
ताई, बाबांचं वाचून जीव हलला. पन आता सगळे ट्रॉलीवाल्याच्या मागं लागतीन, म्हनून लिहून रायलो.

आमी रात्री कायले निंगतो? सकाळी गेलं का खरेदी केंद्रावर शंभराच्या मांगं नंबर लागते. गेट बंद, आत जागा नाई, मंग लाइन रोडवरच. दोन-दोन रात्री ट्रॉलीखाली झोपलो मी, थंडीत. रेडियम लावलं होतं मी. पन कापूस दोन हात बाहेर लोंबते, त्याच्याखाली रेडियमबी झाकते आन् लाइटबी. ट्रॅक्टरवाला मुद्दाम मारते का कोनाले?

सिस्टर_अमरावती:
मुद्दाम मारत नाही, पण मरणारा मरतोच. बारा वर्षं अपघात विभागात काढली आहेत. वेचणी सुरू झाली की ट्रॉलीवर आदळलेले येतात. छातीला मार, जबडा, डोकं. हेल्मेटवाल्याचा पाय मोडलेला असतो, पण तो बोलत असतो. बिनहेल्मेटवाल्याचे नातेवाईक बोलत असतात. दारव्हेकर, तुमच्या पट्ट्याची आणि पाटीची वाट डोकं पाहत नाही. डोक्यासाठी दंड हवाच.

आणि जखमीला उचलून आणणाऱ्यांना एक सांगते. पोलीस त्रास देतील म्हणून लोक अर्धा तास नुसते घोळका करून उभे राहतात. 2019 च्या दुरुस्तीत मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. उचला आणि 108 लावा.

रिटायर ड्रायव्हर:
एकतीस वर्षं एसटी चालवली, एकबी माणूस मेला नाई माह्या हातून. ट्रॉलीपेक्षा मोठं पाप त्या दगडाइचं हाये. ट्रॉलीवाला पंक्चर काढते आन् निंगून जाते, दगड तसेच रोडवर. एकदा दिग्रसच्या अलीकडं असा दगड पुढच्या चाकाखाली आला. त्रेचाळीस पॅसेंजर होते. गाडी नालीत जाता जाता वाचली. उतरून पाहतो त दगडाले ग्रीस लागलेलं, म्हंजे चाकाखाली दगडाची उटी लावून कोनी जॅक मारला होता. त्याले कोन दंड करन?

आन् पोराइच्या हातात गाड्या कावून आल्या, तेबी आयका. 2021-22 च्या संपात गावात एसटी आली नाई. पंधरा वर्षांचे पोट्टे गाडीनं कॉलेजले जाऊ लागले. संप सुटला, पन आमच्या गावची सकाळची फेरी काई परत आली नाई. बापाले 25,000 लावा, पन फेरी द्या पयलं.

दारव्हेकर:
काका, हेच तर मी म्हणतोय!

सिस्टर_अमरावती:
तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही दंडच नको म्हणत होता.

दारव्हेकर:
दंड नको असं मी कुठंही लिहिलेलं नाही, वर जाऊन वाचा. आधी रस्ता, मग वाढ, असं लिहिलंय. हेल्मेटपुरतं तुमचं ऐकतो, कारण त्याला रस्त्याची गरज नाही. वेग, सिग्नल आणि चालान या बाबतीत माझं म्हणणं तेच राहील. चुकीच्या चालानाचा खाडा कोण भरून देणार, याचं उत्तर अजून एकानंही दिलेलं नाही.

लीड्सची वऱ्हाडीण:
ते उत्तर माझ्याकडेही नाही. चुकीचं चालान काढलं तर खर्च परत मिळायला हवा, इथं मी तुमच्या बाजूनं. दहापटीचं मागे घेते. पण ट्रॉलीचं सोडणार नाही. मागे तांबडे रिफ्लेक्टर लागतात हा नियम आहे आणि कापसाखाली झाकलं ही सबब माझ्या आईला सांगून पाहा.

ट्रॉलीवाला 29:
सबब नाई ताई, खरं सांगतलं. पन दिवसभर इचार केला. रेडियम ट्रॉलीच्या पत्र्यावर न लावता ताडपत्रीच्या मागच्या काठाले शिवलं त कापसाच्या वरून येते. दोराले बॅटरीचा लाल लाइट बांधता येते. माह्या भाच्याची ट्रॉलीबी हाये, दोन्हीचं करतो. पन केंद्राच्या गेटबाहेर जागा पाह्यजेच, ते मी सोडनार नाई.

रिटायर ड्रायव्हर:
आन् दगड?

ट्रॉलीवाला 29:
लाकडाच्या उट्या ठेवतो काका, दोरीनं ट्रॉलीलेच बांधून. निंगताना संगं येतीन.