बेघरांचा वॉर्डावर होणारा परिणाम: पालिकेने दरवर्षी अहवाल काढावा का?

पुलाखालून_रोज
दादरला आमच्या पुलाखाली पाच-सहा कुटुंबं राहतात. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतात, पालिकेची गाडी येते, गोधड्या-भांडी उचलून नेते. चौथ्या दिवशी माणसं परत तिथेच. प्रत्येक वॉर्ड ऑफिसने वर्षाला एकदा लिहून द्यावं: रस्त्यावर माणसं किती, निवाऱ्यात जागा किती, तक्रारी किती, गाडी कितीदा गेली आणि खर्च किती झाला. सध्या आपण भांडतोय ते अंदाजपंचे.

शटरवाला
अहवाल कशाला? सकाळी सातला माझ्या दुकानाशी या. शटर उघडायच्या आधी फिनेलच्या दोन बादल्या ओततो. भाडं, परवाना, कर, सगळं भरून वर हे. लिहायचंच तर हे आधी लिहा.

पुलाखालून_रोज
लिहाच. पण त्याखाली हेही येऊ दे: तिथून शौचालय किती लांब, रात्री कुलूप कधी लागतं, माणशी पैसे किती.

रात्रपाळी_ताई
माझा विरोध. बेघरांसोबत काही वर्षं काम केलंय. 'परिणाम' लिहिणार वॉर्ड ऑफिस, आणि तिथे तक्रार करतो तो पत्ता असलेला माणूस. पुलाखालच्या बाईवर काय परिणाम होतो हा रकाना कोण भरणार? उद्या तोच कागद पुढे करून हटवतील. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण त्याच निकालात पावसाळ्यानंतर फूटपाथ मोकळे करायला वाटही दिली. १९५९च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात तर हात न पसरताही भिकारी ठरता येतं. जगण्याचं साधन दिसत नाही आणि भीक मागून जगत असावा असं वाटलं, की झालं.

शटरवाला
ताई, मग माझी तक्रार म्हणजे गुन्हा का? निवारे आहेत ना, तिथे जावं.

पुलाखालून_रोज
इथेच आकडे लागतात. केंद्राच्या नियमाप्रमाणे शहरात दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची निवाऱ्यात सोय हवी. २०११च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे नियम शंभर टक्के पाळला तरी जागा साधारण साडेबारा हजार. त्याच जनगणनेत बेघर सुमारे ५७ हजार, तेही एका रात्रीच्या मोजणीत सापडलेले. उरलेल्यांनी जायचं कुठे?

रात्रपाळी_ताई
जागा असली तरी नवरा एकीकडे, बायको-पोरं दुसरीकडे. आणि निवारा कामाच्या नाक्यापासून लांब असला की सकाळची मजुरी बुडते. म्हणून रिकामे पलंग दाखवून 'येतच नाहीत' म्हणू नका. मोजणी माणसांना विचारून होणार असेल आणि कागदावर कुणाचं नाव-ठिकाण नसेल, तर बघू. तोवर नाहीच.

शटरवाला
बघा काय ते. पण अहवाल निघाला तर फिनेलची बिलं मी जोडणार.