पोरीला थिअरीत पीएचडी करायचीय, पुढं काय असतं?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. पोरगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, बरोबरची सगळी पोरं प्लेसमेंटच्या मागं आणि ही म्हणती मला थिअरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागच्या गणितात, पीएचडी करायचीय. परवा रात्री अडीचला स्वयंपाकघरात लाईट दिसली म्हणून उठलो तर कॅलेंडरच्या पाठीमागं टिंबं नि रेघा काढत बसलेली, म्हणाली बाबा चार दिवस झाले सुटंना. चेहरा मात्र खुशीत. माझा हळदीचा धंदा, यातलं मला काही कळत नाही. यात पोट भरतं का, आणि आपल्याकडचं कोण गेलंय का या वाटेनं?

मिरजवाला
काका, अहो सुभाष खोत आपल्या शेजारच्या इचलकरंजीचे! १९९५ ला जेईईत देशात पहिले, मग आयआयटी मुंबई, प्रिन्स्टनला पीएचडी. पीएचडी चालू असतानाच २००२ ला त्यांनी युनिक गेम्स कंजेक्चर, म्हणजे गणितातला एक अंदाज, मांडलं. काही प्रश्नांचं अचूक उत्तर काढणं तर अवघड असतंच, पण जवळपासचं उत्तर काढणंसुद्धा कुठवर अवघड आहे ते, हा अंदाज खरा असेल तर, त्यातनं कळतं. अजून ते पूर्ण सिद्ध झालेलं नाही, तरी २०१४ ला त्यांना नेव्हानलिना प्राइझ, म्हणजे कॉम्प्युटरच्या गणितातलं मोठं बक्षीस, मिळालं. आता न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत प्रोफेसर आहेत.

साताऱ्याची_ताई
काका, मी स्वतः थिअरीतच पीएचडी करतेय म्हणून खरं ते सांगते. पोट भरतं, पण सावकाश. बीटेकनंतर गेट नाहीतर जेस्ट या प्रवेश परीक्षा द्यायच्या, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची वेगळी परीक्षा असते. फेलोशिप सुरुवातीला महिना ३७,००० आहे, म्हणजे फी भरायची काळजी नको, पण कंपनीतल्या मैत्रिणी पुढं जातात ते बघायची तयारी पाहिजे. पाचेक वर्षं पीएचडी, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, एका गावातनं दुसऱ्या गावात, बऱ्याचदा परदेशात, आणि मग कुठं पक्की नोकरी. आमच्यात जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला मान जास्त, स्टॉक आणि फॉक्स या दोन सगळ्यात मोठ्या, तिथं पेपर लागला की पुढची दारं उघडतात. माझी आठ महिन्यांची सिद्धता एका लेमातल्या, म्हणजे मधल्या पायरीतल्या, चुकीनं गेली, आठवडाभर जेवण गेलं नाही. पण चार दिवस न सुटणाऱ्या गणितावर जी पोरगी खुशीत बसते ना काका, तिला अडवू नका. आता सुट्टीत एखाद्या थिअरीच्या सरांना मेल करून इंटर्नशिप मागायला सांगा, आणि मेलमध्ये ते टिंबांचं गणित लिहू दे, नुसते मार्क नको.

विश्रामबागकर
ताई, लई उपकार झाले. आत्ताच वाचून दाखवलं तिला, मेल लिहायला बसलीय. ते कॅलेंडरचं पान रद्दीत गेलं होतं, शोधून काढून दिलं.