पोर्तुगीज पासपोर्टवर अमेरिकेत फ्रँचायझी: कुळागर (नारळ-पोफळीची बाग) विकण्याआधी थोडं बोलू

फोंडेकर:
गोव्यात फोंडा-म्हापशाकडे सध्या एक नवं पेव फुटलंय. लिस्बनात जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेली आपली माणसं पूर्वी इंग्लंडात स्विंडनला जायची. ब्रेक्झिटनंतर ती वाट बुजली. मग डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा करून पोर्तुगीज नागरिकांना ई-२ या गुंतवणूकदार व्हिसाची वाट मोकळी केली. भारतीय पासपोर्टवर हा व्हिसा मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारा करार आपल्या देशाशी नाही. त्यामुळे हॉटेलांच्या हॉलमध्ये सेमिनार भरतात, चहा-सामोसे होतात आणि निघताना 'व्हिसाला चालणाऱ्या फ्रँचायझी' अशी यादी हातात ठेवली जाते.

ती यादी चुलीत घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

ई-२ ला ठरलेली किमान रक्कम नाही. धंद्याच्या मानाने रक्कम भरीव हवी, आणि ती खरोखर बुडू शकेल अशा रीतीने गुंतवलेली हवी. धंदा नुसता तुमच्या घरचं पोट भरण्यापुरता असूनही चालत नाही. म्हणजे व्हिसा उभा आहे धंद्यावर. दुकान बसलं की नूतनीकरण गेलं, पण जागेच्या भाड्याला दिलेली वैयक्तिक हमी गळ्यातून सुटत नाही. आणि यादी देणाऱ्या दलालाला कमिशन फ्रँचायझी कंपनी देते, तेही तुम्ही सही केलीत की. पुढे दुकान चाललं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

बर्गरिम नावाच्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये खटला भरला. दीड हजाराहून जास्त फ्रँचायझी विकल्या, त्यातली बहुतेक दुकानं उघडलीच नाहीत, असा आरोप. जमलं नाही तर पैसे परत, असंही लोकांना सांगितलं होतं म्हणे.

म्हापशाचा दुकानदार:
फोंडेकरबाब, एका बर्गरिमवरून सगळ्यांना झोडपू नका. परक्या देशात तुमचं क्रेडिट शून्य, ओळख शून्य. स्वतःच्या नावाने खानावळ काढतो म्हणालात तर जागामालक दारात उभा करणार नाही. फ्रँचायझीत नाव मिळतं, माल कुठून घ्यायचा ते ठरलेलं असतं, प्रशिक्षण असतं. व्हिसा अधिकाऱ्यासमोर ठेवायला खर्चाचे आकडे तयार मिळतात.

आणि तिथे कायदा आहे. पैसे घेण्याआधी किंवा सही घेण्याआधी किमान १४ दिवस २३ मुद्द्यांचा प्रकटीकरण दस्तऐवज, म्हणजे एफडीडी, द्यावाच लागतो. मी इथे तीन तालुक्यांची एजन्सी घेतली तेव्हा मला काय मिळालं होतं? एक कॅलेंडर. कायद्याने द्यायची माहिती दिली नाही, हाही बर्गरिमवरचा एक आरोपच आहे. म्हणजे व्यवस्था जागी आहे.

फोंडेकर:
खटला भरला तेव्हा लोकांचे पैसे जाऊन बसले होते, ही कसली जाग?

एफडीडी चांगलाच आहे, पण आपली माणसं तो वाचत नाहीत. दलाल पान उघडून दाखवतो ते आयटम ७ चं, म्हणजे सातव्या मुद्द्याचं, एकूण खर्चाचा अंदाज. त्यात हाताशी ठेवायची रक्कम कित्येकदा पहिल्या तीनच महिन्यांची धरलेली असते आणि मालकाच्या घरखर्चाचं नावही नसतं. आयटम १९ मध्ये दुकानांची कमाई सांगतात, पण ते सांगणं कंपनीच्या मर्जीवर. कोरं असेल तर सेमिनारमध्ये तोंडी सांगितलेले नफ्याचे आकडे कुठून आले, हे विचारायला नको?

खरी गोष्ट आयटम २० मध्ये. मागच्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद झाली, किती हस्तांतरित झाली, सगळं तिथे असतं. सोडून गेलेल्यांची नावं आणि संपर्कही असतात. चालू दुकानदार स्वतःचं दुकान विकायच्या बेतात असेल तर गोडच बोलणार. सोडून गेलेल्याला फोन लावा.

डिचोलीचा ट्रकवाला:
मी अमेरिकेतलं काही जाणत नाही. पण खाणीवर ट्रक घातले होते आम्ही. गिऱ्हाईक एकच, दर तोच ठरवणार, रस्ताही तोच. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. बँकेचा हप्ता एकदाही थांबला नाही. फ्रँचायझीत माल त्यांचाच घ्यायचा, भाव त्यांचा, आणि रॉयल्टी विक्रीवर, नफ्यावर नाही, असं ऐकतो. मग तोट्यातही द्यायची? तर मग ओळखीचं वाटतंय सगळं.

पर्वरीची आई:
सगळे पुरुष नफा-तोटा मोजताय. आम्ही घर हलवतो ते मुलांसाठी. ई-२ वर मुलं तिथल्या सरकारी शाळेत जातात, जोडीदाराला नोकरी करता येते. दुकानाने थोडा तोटा दिला तर ती मी शाळेची फी समजेन. त्यात चूक काय?

फोंडेकर:
ताई, चूक काही नाही, पण दोन गोष्टी घरात आधी बोला. मूल २१ वर्षांचं झालं की तुमच्या व्हिसावर राहत नाही, त्याला स्वतःची सोय बघावी लागते. आणि ई-२ वरून ग्रीन कार्डाकडे सरळ रस्ता नाही. मुलगी आज १६ ची असेल तर हिशेब पाच वर्षांचा आहे. शिवाय 'थोडा तोटा' दाखवत राहिलेल्या दुकानावर नूतनीकरण मागायला जाल तेव्हा अधिकारी फी समजून सोडणार नाही.

पर्वरीची आई:
माझा धाकटा सात वर्षांचा आहे. चौदा वर्षं मला पुरतात. नवऱ्याची नोकरी गेली तर इथेही उद्याचं कोण सांगतं? तुमचं म्हणणं पटलं नाही, पण आयटम २० बघते.

मडगावकर:
तिसरा मार्ग कोणी बोलत नाही. चालू दुकान विकत घ्या. मागच्या वर्षांची करविवरणं मागता येतात, नोकर आहेत, गिऱ्हाईक आहे. पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यात, ठेवून 'व्हिसा मिळाला तरच विकणाऱ्याला द्यावेत' अशी अट घालता येते, ई-२ ला ते चालतं. मात्र एस्क्रो वाचवतो तो व्हिसा नाकारला गेला तर. धंदा बुडाला तर नाही. आणि 'मॅनेजर चालवील, तुम्ही घरी बसा' असं कोणी विकत असेल तर उठून या. धंदा तुम्ही स्वतः चालवायला हवा, हीच तर व्हिसाची अट आहे.

म्हापशाचा दुकानदार:
बघा, शेवटी तुम्हीही धंदा घ्याच म्हणताय. मी काकांच्या वाट्याचं कुळागर विकायला काढायच्या विचारात आहे. पडूनच आहे, माकडं नारळ खातात.

मडगावकर:
काकांना विचारलंत, काकींना विचारलंत का? गोव्याच्या दिवाणी कायद्यात नवरा-बायको दोघांच्या सह्यांशिवाय स्थावर विकलं जात नाही. आणि तुम्ही पोर्तुगीज झालात की हातात राहणार ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड. त्यावर शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही, वारशाने आली तरच. अमेरिकेतलं दुकान दुसरं मिळेल. कुळागर परत विकत घ्यायचं म्हटलं तर कायदा आड येईल.

म्हापशाचा दुकानदार:
ही ओसीआयची गोष्ट सेमिनारवाल्यांनी सांगितली नव्हती. रविवारच्या सेमिनारात विचारतो, आयटम २० पण मागतो. नीट उत्तर दिलं तर टोकन मात्र भरणार, आधीच सांगून ठेवतो.

फोंडेकर:
रविवारी नको. एफडीडी हातात पडून १४ दिवस झाल्याशिवाय कंपनीला टोकनसुद्धा घेता येत नाही. घेत असतील तर तेच उत्तर समजा.