सगळं लिहून घ्या म्हणे!

टूलरूमवाला:
परवा इथं एका एचआरवाल्या साहेबांनी लिहिलं की जुनी माणसं ज्ञान दाबून ठेवतात, कंपनीनं ते रिटायर व्हायच्या आत पोर्टलवर उतरवून घ्यावं, म्हणजे कुणावाचून अडणार नाही. डोकंच फिरलं. ३१ वर्षं भोसरीत प्रेस टूलमध्ये, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यांच्या कामात, काढली मी. आमचे उस्ताद कापलेल्या पत्र्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि म्हणायचे, "डावीकडं बर जास्त येतीय, पंच सरकलाय बघ." बर म्हणजे कापलेल्या कडेला राहणारी खरबरीत धार, पंच म्हणजे पत्रा कापणारा साच्याचा भाग. आता हे कुठल्या रकान्यात भरणार? ते जायच्या आधी एक ट्रेनी लॅपटॉप घेऊन आला, दोन तासांत 'नॉलेज ट्रान्सफर' उरकून सही घेऊन गेला. दाबून कुठं ठेवलं? विचारलंच कुणी नाही.

क्वालिटीवाली:
काका, आमच्याकडच्या मशीन लावून देणाऱ्या सेटरची वही कुलपात आणि चावी करगोट्याला. ते आजारी पडले, लाईन अडीच दिवस बंद. कुलूप तोडलं तर आत नुसत्या खुणा. ही कला नव्हे, ओव्हरटाइमचं राजकारण. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ कलम उगाच नाही आलं. माणूस गेला तरी त्याला येत होतं ते कंपनीत राहिलं पाहिजे.

टूलरूमवाला:
७.१.६! ऑडिटच्या आदल्या रात्री मागच्या तारखा टाकून रजिस्टर भरता, तेच ना? आमच्यातल्या एकानं वही दिली होती साहेबांना. साहेबांनी झेरॉक्स काढली, आणि सहा महिन्यांत त्याच्या जागी कंत्राटी पोरगा. कुलपं त्यानंतर आली, ताई.

सर्व्हिस इंजिनिअर:
झेरॉक्सवरून आठवलं. झेरॉक्स नावाच्या कंपनीचे कॉपी मशीन दुरुस्तीवाले मॅन्युअलमध्ये नसलेल्या युक्त्या गप्पांतून शिकायचे. नव्वदच्या दशकात कंपनीनं त्यांचा 'युरेका' नावाचा साठा केला. दुसऱ्या तंत्रज्ञांनी तपासायचं, मगच युक्ती आत, खाली सुचवणाऱ्याचं नाव. त्यांनी पैसे नको म्हटलं, नावच हवं होतं. आमच्याकडं कायझेन शीटवर, म्हणजे सुधारणा सुचवायच्या कागदावर, नाव साहेबांचं!

सेकंड शिफ्ट:
ते सगळं राहू द्या, लिहिणार कुठल्या भाषेत? माझ्या मशीनवरची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं तो सूचनांचा कागद, इंग्रजीत. 'एन्शुअर प्रॉपर क्लॅम्पिंग', नीट आवळा म्हणे. प्रॉपर म्हणजे किती, ते पान्याला विचारू?

क्वालिटीवाली:
मराठीत केली होती हो. एचआरनं मोबाईलवरून भाषांतर करून दिलं. 'डाय चेंज'चं, म्हणजे साचा बदलण्याचं, 'मृत्यू बदल'. आठवडाभर कँटीनमध्ये तोच विषय.

चाकणकर:
मराठीत करून वाचणार कोण? माझ्या लाईनवर निम्मी पोरं बिहार-ओडिशाची. हिंदीत करा.

सेकंड शिफ्ट:
म्हणजे चाकणला राहून आम्हीच हिंदी वाचायची? गेटवर मराठी पोरांचे अर्ज पडून आहेत, ते आधी बघा!

चाकणकर:
अर्ज देणारी तिसऱ्या दिवशी 'जमत नाही' म्हणून जातात. लायनीवर उभा मी असतो, तुम्ही नाही.

सेकंड शिफ्ट:
बारा तासांची पाळी आणि आठ तासांचा पगार म्हटल्यावर तुम्ही तरी थांबाल का? तुम्ही ठेकेदार दिसता.

सर्व्हिस इंजिनिअर:
अहो, फोटो लावा. चित्राला भाषा नसते. भांडा नंतर.

क्वालिटीवाली:
मूळ मुद्द्यावर येते. लिहिता येतच नाही, हे मला पटत नाही. जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या घरगुती पावयंत्राला कणीक नीट मळता येईना. १९८५ मध्ये तिथल्या इकुको तानाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला राहिल्या. तो कणीक ओढतो तशी पिळतोही, हे त्यांनी पकडलं आणि ते यंत्रात उतरलं. बेकरला कुणी फॉर्म भरायला लावला नव्हता, एवढं तुमचं खरं.

टूलरूमवाला:
बघा, आधी पिठात हात घातले. एवढी तयारी असलेला पोरगा सहा महिने देणार असाल तर येतो मी शिकवायला. चहा तुमचा. लिहा हवं तेवढं. पण खाली नाव माझं नको, उस्तादांचं टाका.

सेकंड शिफ्ट:
टाका की. मराठीत ना?