व्यक्तिचित्र रंगवणाऱ्याने रेखांकनाला वेगळा वेळ द्यावा का?

प्रश्न

गेली चार वर्षे मी तैलरंगात व्यक्तिचित्रे रंगवत आहे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी जे चार-पाच तास हाती येतात, ते सगळे कॅनव्हासवर जातात. मागच्या महिन्यात आजोबांचे चित्र पूर्ण केले. त्वचेचे रंग, खांद्यावरच्या पंच्याचा मऊपणा, कपाळावरचा उजेड हे घरात सर्वांना आवडले, पण आजी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "त्यांच्यासारखे दिसतात, पण हे ते नव्हेत." मला ते मनोमन पटले. दुरुस्तीसाठी डावा डोळा तीनदा रंगवला, आणि प्रत्येक वेळी ओल्या रंगात रंग मिसळून तो भाग अधिकच मळला. शिसपेन्सिलीने किंवा कोळशाने नुसती डोकी रेखाटण्यासाठी आठवड्यातला काही वेळ राखून ठेवावा, असे आता वाटते. परंतु तो वेळ रंगकामातूनच काढावा लागेल. जाणकारांचा अनुभव काय आहे?

प्रतिसाद १

जी चूक आपल्याला डोळ्यात दिसते आहे, ती बहुधा डोळ्याच्या जागेत आहे. रंगवताना आकार कोणता, तो नेमका कुठे, किती गडद, कोणत्या छटेचा आणि त्याची कड धारदार ठेवायची की विरघळू द्यायची, हे सारे एकाच फटकाऱ्यात ठरवावे लागते. त्यातली छटा सुरेख लागली की जागा चुकल्याचे लक्षातच येत नाही. कोळशात छटेचा प्रश्न नसल्यामुळे जागा आणि गडदपणा एवढेच समोर उरते, आणि चूक लपायला आडोसा राहत नाही.

मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली. हेड स्टडीच्या, म्हणजे नुसते डोके रेखाटण्याच्या सरावाच्या, पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी डोळे फार वर काढतो, कारण चेहरा म्हणजे डोळे, नाक आणि ओठ एवढेच त्याच्या मनात असते व कपाळ आणि कवटी आपोआप आखूड होतात. वास्तविक मान सरळ असताना डोळ्यांची रेषा माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर येते. हे ऐकून लगेच कळते, पण हातात उतरण्यासाठी पन्नास डोकी काढावी लागतात. आणि पन्नास तैलचित्रांना जितकी वर्षे लागतील, तितक्या आठवड्यांत ती कोळशात होऊ शकतात.

साधा कागद, विलो कोळसा (विलोच्या काड्यांचा मऊ कोळसा), सुती फडके आणि नीडेड रबर (मळून हवा तो आकार देता येणारा मऊ खोडरबर) एवढे पुरे. वीस-पंचवीस मिनिटांत एक डोके काढावे. आधी मस्तकाचा एकूण कल पाहावा, मग डोळ्यांचे खळगे, नाकाखालची आणि हनुवटीखालची सावली एकाच सपाट टोनने, म्हणजे सारख्याच गडदपणाने, भरावी, आणि जागा चुकली असे दिसताच संकोच न करता फडक्याने झटकून पुन्हा मांडावी. पापण्या आणि बुबुळे सर्वांत शेवटी.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र एक धोका सांगणे मला आवश्यक वाटते. मी अनेक वर्षे टोकदार पेन्सिलीने अतिशय नाजूक डोकी काढली आणि रंगवायला बसल्यावरही आधी बाह्यरेषा आखून तिच्या आत रंग भरत गेलो. गाल कानाकडे वळतो तिथे प्रत्यक्षात रेषा नसते, पण माझ्या चित्रांत ती कायम राहिली. म्हणून रेखांकन करावे ते रंगकाराच्या नजरेने, म्हणजे सावलीचे आणि उजेडाचे मोठे आकार पकडत. कोळशाची कांडी आडवी धरली की हे आपोआप साधते.

चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आवर्जून पाहावे. समई हाती धरलेली त्यांची कन्या, ज्योतीवर आडवा धरलेला हात आणि बोटांच्या फटींतून पाझरणारा तांबूस उजेड हे सारे जलरंगात आहे, आणि जलरंगात बोटाची जागा चुकली तर तैलरंगासारखे वर रंग चढवून ती सावरता येत नाही. त्या उजेडाची मोहिनी मला फार वाटते, पण तो उजेड ज्या बोटांवर विसावला आहे त्यांचे रेखांकन पक्के नसते, तर उजेडही टिकला नसता.

प्रतिसाद ३

रेखांकन ही केवळ रंगवण्याची पूर्वतयारी आहे असे समजू नये, एवढीच माझी विनंती. सोळाव्या शतकातील जर्मन चित्रकार होल्बाइनने इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारातील माणसांची काढलेली सुमारे ८० रेखाटने विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. त्यांतील पुष्कळशी गुलाबी अस्तर दिलेल्या कागदावर आहेत, आणि काहींवर कापडाच्या व रंगाच्या नोंदी त्याने तिथेच लिहून ठेवल्या आहेत, कारण पुढचे रंगकाम या कागदांच्या आधारे करायचे होते. म्हणजे हेतू तयारीचाच होता. तरीही प्रत्यक्ष माणसासमोर बसून काढलेल्या त्या ओठांच्या कडेत जो जिवंतपणा आहे, तो पूर्ण झालेल्या चित्रातही प्रत्येक वेळी तितकाच उतरतो असे मला वाटत नाही. फ्रेंच चित्रकार अँग्रचेही तसेच. १८१५ नंतर रोममध्ये आश्रयदाते उरले नाहीत, तेव्हा पोटासाठी त्याने प्रवाशांची पेन्सिल-चित्रे काढली. तो स्वतःला इतिहासचित्रकार, म्हणजे इतिहास-पुराणांतील प्रसंग रंगवणारा, मानत असे, पण मी त्या पेन्सिल-चित्रांकडेच पुन्हा पुन्हा वळतो.

शक्य असेल तर छायाचित्रावरून न काढता आजोबांना समोर बसवूनच काढा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सलग तीन आठवडे आजोबा वर्तमानपत्र वाचत असताना समोर बसून कोळशाने एकूण अकरा डोकी काढली. चौथ्या-पाचव्या वेळी ध्यानात आले की त्यांची डावी पापणी उजवीपेक्षा थोडी अधिक खाली उतरलेली आहे आणि वाचताना ते तोल सांभाळण्यासाठी मान किंचित उजवीकडे झुकवतात. मी छायाचित्रावरून रंगवताना मान सरळ केली होती आणि दोन्ही डोळे एका रेषेत, सारखेच उघडे काढले होते. रंग एव्हाना वाळला आहे. तो डोळ्यापुरता खरवडून भागणार नाही. डोक्याचा कलच चुकलेला असल्यामुळे नवा कॅनव्हास ताणून घेतला आहे, आणि या रविवारी त्यावर आधी कोळशानेच मांडणी करणार आहे.