मुलींसाठी ‘सोपा’ कॉम्प्युटर कशाला?

खानापूरची बाई: काल इथं ग्रुपवर एकांनी लिहिलं, आठवी ते दहावीच्या मुलींना कॉम्प्युटर शिकवताना रांगोळी, मेंदी, पाककृती असे विषय घ्या, म्हणजे गोडी लागेल. रात्री झोप लागली नाही मला. चौदा वर्षं मराठी शाळेत शिकवते. गोडी आहे हो पोरींना! आमच्या लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर तिघं. माऊस पोराच्या हातात, पोरगी शेजारी बसून वहीत पायऱ्या उतरवते. अक्षर चांगलं, म्हणून वही तिच्याकडे. तीन वर्षं की-बोर्डला बोट लागत नाही, आणि मग आम्हीच म्हणतो, मुलींना आवड नाही.

टिळकवाडीकर: पोस्ट माझी. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे लूपच की, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला कॉम्प्युटरला सांगणं. त्यात कमीपणा कसला? अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजनं 2006 नंतर कॉम्प्युटरचा पहिला कोर्स बदलला, जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा काढून पायथन ही सोपी भाषा आणली. काही वर्षांत संगणकशास्त्रात मुली 10 टक्क्यांवरून 40 च्या आसपास गेल्या.

खानापूरची बाई: मग पुढचंही सांगा. तिथं वर्ग वेगळे केले ते आधी कोडिंग केलेल्यांचे आणि न केलेल्यांचे. मुलं-मुली असे नव्हे. सगळी उत्तरं आधीच येणारे चारजण बाजूला गेले, तेव्हा बाकीच्यांना तोंड उघडता आलं.

निपाणीची: माझी अडचण माऊस नव्हती, भाषा होती. दहावीपर्यंत मराठी, पीयूसीला, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं आणि सगळं इंग्रजी. पहिल्याच दिवशी सर ‘व्हेरिएबल, व्हेरिएबल’ म्हणत होते. गणितात ‘चल’ शिकले होते मी, पण हे तेच, असं कुणी सांगितलं नाही. दोन महिने गप्प बसले, मग कॉमर्सला गेले. वर्गात पहिली येणारी मुलगी होते मी.

शहापूरचा: म्हणून सांगतो, मराठी शाळेचा हट्ट सोडा. इथं राहायचं तर कन्नड आणि इंग्रजी.

निपाणीची: काय बोलूलालात? आईच्या भाषेत शिकले ही माझी चूक? एक शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर लिहायला किती खडू लागतो?

शहापूरचा: माझ्या पोरीला इंग्रजीत घातलं, आज बेंगळुरूत नोकरी करते. तुमच्या अभिमानानं नोकऱ्या मिळत नाहीत.

खानापूरची बाई: घरी कॉम्प्युटर होता ना तिला? माझ्या पोरींच्या घरी एक मोबाईल, तोही भावाच्या खिशात.

शहापूरचा: होता. नववीत घेऊन दिलेला. बरं, तेवढं मानतो. भाषेचं मात्र मानत नाही.

जांबोटी रोड: आणि बसचं कोण बोलणार? 2023 च्या जूनपासून कर्नाटकात इथल्या बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही, चांगली गोष्ट. पण गाडी आली तर! शिवाय निपाणीहून कोल्हापूरला क्लासला जायचं तर राज्य बदललं, तिकीट काढावंच लागतं.

टिळकवाडीकर: मेंदी-पाककृती मागे घेतो. रांगोळी राहू दे, ती मुलांनाही शिकवा. माऊसबद्दल बाईंचं बरोबर आहे, आमच्या घरीही मुलगाच बसतो.

खानापूरची बाई: सोमवारपासून पाळी लावते. दहा मिनिटं झाली की वही आणि माऊस बदलायचे. फळ्यावर ‘चल’ आणि ‘व्हेरिएबल’ शेजारी शेजारी.

जांबोटी रोड: लावा बाई. पण लॅबचा तास शेवटचा ठेवू नका. आमच्याकडच्या पोरी गाडीसाठी तो अर्धा सोडून पळतात.